ज्वारीचं पान थेट मास स्पेक्ट्रोमीटरपुढे: लीफ स्प्रेने धुरिन कसं तपासायचं

कोवळी ज्वारी जनावराला का लागते, हे मराठवाड्यात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. पावसाने ताण दिला आणि गुडघ्याएवढं पीक सुकायला लागलं, किंवा खरिपाची ज्वारी काढल्यावर सडांना हिरवे फुटवे आले, आणि दावं तोडून एखादी गाय त्यात शिरली, की घरच्यांची धावपळ सुरू होते. यामागचा पदार्थ म्हणजे धुरिन. हा स्वतः फारसा विषारी नाही. ग्लुकोजला बांधलेल्या रूपात तो पेशीतल्या रिक्तिकेत साठवलेला असतो आणि त्याला मोडणारं विकर (एन्झाइम) त्याच्यापासून वेगळं, हरितलवकात असतं. जनावर पान चावतं तेव्हा मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि धुरिन मोडून तीन गोष्टी बाहेर पडतात: ग्लुकोज, पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड.

प्रयोगशाळेतली खरी अडचण इथेच आहे. खलात पान वाटणं म्हणजे जनावराने चावण्यासारखंच. वाटून, गाळून, सेंट्रिफ्यूज करून नमुना मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत, म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रापर्यंत न्यावा, तोवर मोजायचा पदार्थच बराचसा संपलेला असतो. पान ओव्हनमध्ये वाळवलं तरी वाळता वाळता तेच होतं. म्हणून या कामाला अशी पद्धत हवी, की पान शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहील आणि कापल्यापासून अर्ध्या-एक मिनिटात त्याचा वर्णपट (कोणत्या वस्तुमानाचे किती आयन, याचा आलेख) पडद्यावर येईल.

अशा पद्धतींच्या कुळाला अँबियंट मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. नमुना निर्वातात न नेता, उघड्या हवेत, आहे तसा यंत्राच्या तोंडासमोर धरायचा आणि तिथेच त्यातल्या रेणूंचे आयन, म्हणजे भारित कण करायचे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने डेझी ही पद्धत मांडली, २००५ मध्ये डार्ट आली, २०१० मध्ये पेपर स्प्रे आणि २०११ मध्ये लीफ स्प्रे. लीफ स्प्रेमध्ये पान हाच नमुना आणि पान हीच फवारणीची सुई. टोकदार कापलेल्या पानाला काही किलोव्होल्ट द्यायचे, त्यावर मिथेनॉलचा थेंब सोडायचा. विद्युतक्षेत्र टोकाशी एकवटतं, थेंब पानातले पदार्थ घेऊन टोकाकडे सरकतो आणि तिथून भारित तुषारांचा बारीक फवारा यंत्राच्या इनलेटमध्ये शिरतो. वाटण, गाळण, कॉलम यातलं काहीच लागत नाही.

साहित्य

यंत्र खास नको. इलेक्ट्रोस्प्रे (विद्युतदाबाने द्रावणाचा भारित फवारा करणारा भाग) असलेलं कोणतंही एलसी-एमएस, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर, चालतं. प्रकार कोणताही असो: आयन ट्रॅप, ट्रिपल क्वाड, क्यू-टॉफ, ऑर्बिट्रॅप. आपल्या कॉलेजात नसेल तर आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठे कोणतं यंत्र बाहेरच्यांसाठी खुलं आहे ते शोधता येतं. बुकिंग करताना एक गोष्ट आधी विचारा: इलेक्ट्रोस्प्रेचा सोर्स काढून इनलेट मोकळं ठेवायची परवानगी आहे का? सोर्स काढला की बहुतेक यंत्रांमधला सुरक्षा-स्विच व्होल्टेज बंद करतो. त्यासाठी कंपनीचा नॅनोस्प्रेचा सांगाडा किंवा अ‍ॅडॅप्टर बसवून घ्या. स्विचमध्ये काडी खुपसून तो दाबून ठेवायचा उद्योग कुणी सुचवला तरी करू नका. हा स्विच ज्या तारेपासून हात वाचवतो, तीच तार आपण उघडी ठेवणार आहोत.

बाकीचं साहित्य साधं आहे. एलसी-एमएस ग्रेडचं मिथेनॉल, तांब्याची छोटी क्रोकोडाइल क्लिप, नवं सर्जिकल ब्लेड, प्लॅस्टिकचा चिमटा, १० मायक्रोलिटरचं पिपेट, नायट्राइलचे हातमोजे, व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपर. क्लिप धरायला तीन दिशांना बारीक सरकणारा स्टँड हवा. मोडीत निघालेल्या मायक्रोस्कोपचा स्टेज या कामाला छान बसतो. मात्र स्टेज आणि क्लिप यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिकची किंवा टेफ्लॉनची निदान १० सेंटिमीटर लांब दांडी टाका, नाहीतर व्होल्टेज टोकाकडे न जाता स्टँडमध्ये उतरेल.

रसायनं दोनच: प्रमाणित धुरिन आणि अमिग्डालिन. अमिग्डालिन ज्वारीत नसतं, म्हणून तुलनेसाठी ते बाहेरून घालायचं. प्रत्येकाचं १ मिलिमोलर साठा-द्रावण करा. धुरिनचा रेणुभार ३११.३, म्हणजे ३.११ मिलिग्रॅम १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये. अमिग्डालिनचा ४५७.४, म्हणजे ४.५७ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये. फवारणीचं मिथेनॉल तयार करताना अमिग्डालिनच्या साठ्यातले २० मायक्रोलिटर घेऊन १० मिलिलिटर करा. त्यात अमिग्डालिन २ मायक्रोमोलर होतं. हे द्रावण काचेच्या कुपीतच ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीत दोन दिवस राहिलेल्या मिथेनॉलमध्ये प्लॅस्टिक मऊ करणारे थॅलेट उतरतात आणि वर्णपटात वस्तुमान ३९१.२८ ला एक ठळक शिखर येऊन बसतं. नव्या माणसाला ते पानातलं काहीतरी वाटतं.

पान शेतातून यंत्रापर्यंत

या प्रयोगात यश-अपयश बहुतेक वेळा इथेच ठरतं, यंत्रावर नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे रोपच कुंडीत वाढवा. काळ्या पिशवीत शेतातलीच काळी माती भरा, दोन-तीन दाणे टोका आणि पंधरा दिवसांचं रोप मुळांसकट प्रयोगशाळेत आणा. मालदांडी ३५-१ आणि परभणी मोती अशा दोन वाणांची तुलना करायची असेल, तर दोन्ही एकाच दिवशी पेरलेली, एकाच मातीतली आणि एकाच पाण्यावरची असली पाहिजेत. धुरिन वाणाबरोबरच वयावरही ठरतं आणि पाण्याच्या ताणावरही. आठ दिवसांच्या आणि वीस दिवसांच्या रोपांची तुलना केली तर उत्तर वयाचं येईल, वाणाचं नाही.

शेतातूनच आणायचं झालं तर अख्खं ताट मुळासकट उपटा, मुळांभोवती ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळा आणि सावलीत आणा. फक्त पान तोडून आणू नका. तोडलेलं पान मे महिन्याच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलं, की त्याच्या कडा वळतात, पेशी फुटायला लागतात आणि विकर कामाला लागतं. बर्फाच्या डब्यात नेण्याचीही एक गोम आहे: पान बर्फाला थेट टेकलं तर तेवढा भाग गोठून काळपट होतो. गोठलेला भाग म्हणजे फुटलेल्या पेशी, म्हणजे मोडलेलं धुरिन. न्यायचंच असेल तर पान आणि बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा.

वेळही ठरवून घ्या. सगळे नमुने सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान घेतले तर दिवसाच्या चढउताराचा घोळ कमी होतो. कोणतं पान हेही ठरवा. पोंग्यातलं, अजून न उलगडलेलं पान सगळ्यात कोवळं आणि धुरिनने सगळ्यात भरलेलं. पण ते हाताळताना चुरगळतं. सुरुवातीला वरून दुसरं, पूर्ण उलगडलेलं पान घेणं सोयीचं. नंतर हात बसला की पोंग्याकडे वळा.

पानावरची धूळ धुवायचीच. आपल्या काळ्या मातीची बारीक पूड पानाच्या लवेत बसते. ती क्षार तर आणतेच, शिवाय इनलेटच्या केशनळीत जाऊन बसते. डिस्टिल्ड पाण्याची हलकी धार सोडा आणि टिश्यू पेपर फक्त टेकवून पाणी टिपा. घासू नका.

टोक कापणं

ज्वारीच्या पानाला निसर्गतःच टोक असतं, म्हणून ते तसंच वापरायचा मोह होतो. पण शेंड्याकडचा सेंटिमीटरभर भाग बऱ्याचदा वाळलेला, तांबूस असतो, आणि वाळलेल्या टोकातून फवारा धड येत नाही. टोकापासून पाचेक सेंटिमीटर खाली, मधल्या शिरेच्या एका बाजूचा हिरवागार भाग निवडा.

पान रोपावर असतानाच त्याखाली स्वच्छ काचपट्टी धरा आणि नव्या ब्लेडने त्रिकोण कापा: पाया साधारण ५ मिलिमीटर, उंची १० मिलिमीटर, टोकाचा कोन ३० अंशांच्या आत. टोक शिरांच्या दिशेनेच हवं. ज्वारीच्या शिरा समांतर धावतात. द्रावक त्या शिरांच्या बाजूने वाहतो, आडवा नाही. त्रिकोण आडवा कापला तर थेंब कडेला साचून राहतो आणि टोक कोरडंच. प्रत्येक काप ब्लेडच्या एकाच दाबात व्हावा. करवतीसारखं पुढेमागे केलं की कड चेंगरते, आणि नेमकी तीच कड आपण मोजणार असतो. चांगला काप भिंगाखाली पाहिला तर कड सरळ आणि फिकट हिरवी दिसते. चेंगरलेली कड ओलसर, गडद आणि किंचित पारदर्शक दिसते. तशी दिसली तर तो तुकडा टाकून द्या आणि दुसरा कापा.

एक ब्लेड पाच-सहा कापांपुरतं. नव्या ब्लेडवर तेलाचा पातळ थर असतो, तो वापरण्याआधी मिथेनॉलने पुसा.

क्लिप, अंतर, व्होल्टेज, थेंब

यंत्र आधीच तयार ठेवा: पॉझिटिव्ह मोड (धनभारित आयन पाहण्यासाठी), इनलेट केशनळी २५० ते २७५ अंश सेल्सिअस, सगळे वायुप्रवाह बंद, स्कॅन वस्तुमान १०० ते ६००. व्होल्टेज शून्यावर. स्क्रीनवर रेकॉर्डिंग सुरू करूनच पान कापा, म्हणजे कापल्यापासूनची वेळ मोजायला सोपं जातं.

त्रिकोणाचा पाया क्लिपमध्ये धरा, पण फक्त काठाचा दीड-दोन मिलिमीटर भाग. क्लिपचे दात पानाला चिरडतात, ते टाळता येत नाही. म्हणून ते टोकापासून दूर असू द्या. टोक इनलेटच्या तोंडासमोर ५ मिलिमीटरवर, बरोबर मध्यरेषेत आणा. पिपेटने ५ ते १० मायक्रोलिटर मिथेनॉल पानाच्या वरच्या बाजूवर, क्लिपच्या पुढे लगेच सोडा. शुद्ध मिथेनॉल दोन कारणांसाठी: एक म्हणजे ज्वारीच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यावर पाणी मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, मिथेनॉल मात्र पसरतं. दुसरं म्हणजे मिथेनॉल कापलेल्या कडेवरचं विकर जागच्या जागी मारतं. हात बाजूला, मिथेनॉलची बाटली दूर, मगच व्होल्टेज. ३ किलोव्होल्टपासून सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्याने वाढवत ४ ते ४.५ पर्यंत न्या. आयनप्रवाह एकदम उभा राहतो आणि साधारण अर्धा मिनिट टिकतो. तो पडायला लागला की आधी व्होल्टेज शून्यावर आणा, मग पानाला हात लावा. हा क्रम एकदाही चुकवायचा नाही.

पान न कापता, रोपाला तसंच ठेवून फवारा काढता येतो. पण मग अख्खं रोप आणि कुंडीतली ओली माती, सगळ्यालाच किलोव्होल्ट लागतात. कुंडी अ‍ॅक्रिलिकच्या जाड पाटावर ठेवल्याशिवाय आणि आसपास दुसरं कुणी नसल्याशिवाय हे करू नये. शिकताना कापलेला त्रिकोणच बरा.

पडद्यावर काय दिसतं

प्रोटॉन जोडलेलं धुरिन शोधत बसू नका. पानात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम थोडं, आणि साखर जोडलेले रेणू हे धातू घट्ट धरतात. म्हणून पाहायची शिखरं दोन: ३३४.०९० (धुरिन अधिक सोडियम) आणि ३५०.०६४ (धुरिन अधिक पोटॅशियम). कित्येकदा पोटॅशियमचंच शिखर मोठं असतं. दोघांची बेरीज घ्या, कारण एका पानात सोडियम जास्त, दुसऱ्यात पोटॅशियम जास्त, आणि एकच शिखर मोजलं तर फरक मातीतल्या क्षारांचा निघतो.

दोघांतलं अंतर १५.९७४ आहे. ऑक्सिजनचा एक अणू वाढला तर फरक १५.९९५ पडतो. क्यू-टॉफ किंवा ऑर्बिट्रॅपवर हा भेद सहज कळतो, आयन ट्रॅपवर कळत नाही. तिथे यंत्रातच आयनाचे तुकडे करून पाहण्याशिवाय गत्यंतर नाही.

वर्णपटातलं सगळ्यात उंच शिखर बहुधा ३८१.०७९ ला असेल. ती पानातली साखर, सुक्रोज अधिक पोटॅशियम. हिला शेतातल्या हद्दीच्या दगडासारखी वापरा: ती ३८१.०७९ ऐवजी ३८१.०८५ ला दिसली तर यंत्राचं मापच सरकलं आहे आणि ३३४ चा तिसरा दशांश वाचण्यात अर्थ नाही. अमिग्डालिन ४८०.१४८ आणि ४९६.१२२ ला दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर फवाराच नीट झालेला नाही, मग धुरिन नसण्याला काही किंमत नाही.

तुकडे करायचे ते ३३४ चे. ३५० चे करून काही हाती लागत नाही: पोटॅशियम सैल बसलेलं असतं, थोडी ऊर्जा दिली की तेच सुटून जातं. ३९ चा तो आयन बहुतेक यंत्रांच्या खालच्या मर्यादेखाली असल्याने पडदा रिकामा राहतो. ट्रिपल क्वाडवर ३५० घेऊन पद्धत बसवायला बसलेल्यांचा दिवस यातच जातो. ३३४ साठी टक्कर-ऊर्जा २० ते ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवा आणि तुकड्यांची यादी प्रमाणित धुरिनवरून, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी तयार करा. पानातल्या ३३४ चे तुकडे आणि त्यांची परस्पर उंची त्या यादीशी जुळली पाहिजे. कळकाच्या कोंबातलं टॅक्सिफायलिन हे धुरिनचंच आरशातल्यासारखं वळलेलं भावंड, वस्तुमान अगदी तेच. ज्वारीत प्रश्न येत नाही. पण हीच पद्धत उद्या कळकाला लावली तर ३३४ दिसलं म्हणून धुरिन लिहू नका.

सायनाइड मात्र इथे दिसणार नाही. हायड्रोजन सायनाइडचं वस्तुमान २७, आणि आपलं स्कॅन १०० पासून सुरू. आपण पाहतो ते विषाचं कोठार, विष नाही.

चुरगळून खात्री

धुरिन आहे याचा सगळ्यात पटणारा पुरावा पानाचं स्वतःचंच विकर देतं, आणि त्याला प्रमाणित रसायनही लागत नाही. एकाच पानाचे शेजारशेजारचे दोन तुकडे घ्या. पहिला नेहमीसारखा लगेच फवारा. दुसरा काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या काचपट्टीने दाबून चिरडा, गडद हिरवा रस सुटेपर्यंत, पाण्याचा छोटा थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग त्याचा रस फिल्टर पेपरच्या त्रिकोणावर घेऊन, मिथेनॉल टाकून, त्याच रीतीने फवारा.

पहिल्यात ३३४ आणि ३५० उभी असतात. दुसऱ्यात ती खचतात, तर ३८१ ची साखर जागेवरच असते. आता यंत्र निगेटिव्ह मोडवर घ्या, व्होल्टेज ३ ते ३.५ किलोव्होल्टच ठेवा, आणि १२१.०३० पाहा. तिथे पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड वर आलेलं असतं. एक खाली, दुसरं वर, साखर तशीच: हे तिन्ही जुळलं की शंका उरत नाही. एवढ्या ५-१० मिलिग्रॅम तुकड्यातून सुटणारं सायनाइड काही मायक्रोग्रॅमच्या घरातलं असतं. तरी चिरडण्याचं काम धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) करा आणि वास घेऊन पाहू नका.

कोरी चाचणी म्हणून मक्याचं पान वापरा. नुसता मिथेनॉल लावलेला कागद पुरेसा नाही, कारण कागदात पानाचे क्षार नसतात. मका ज्वारीचा जवळचा नातेवाईक, पान तसंच, क्षार तसेच, पण धुरिन जवळजवळ नाही. मक्याच्या कोवळ्या पानात ३९६.०९० ला त्याचं स्वतःचं डिंबोआ ग्लुकोसाइड दिसतं. ते दिसलं आणि ३३४ रिकामं राहिलं, तर पद्धत नीट चालली आहे.

बिघडतं कुठे

व्होल्टेज दिलं आणि काहीच आलं नाही, तर आधी टोक पाहा. ते वाळलं असेल किंवा वळून खाली झुकलं असेल. झुकलेलं टोक इनलेटच्या कडेवर फवारतं. दुसरी शक्यता, क्लिप पानाला धरण्याऐवजी मेणावरून घसरली आहे आणि व्होल्टेज पोचतच नाही. पाया किंचित आत सरकवून पुन्हा धरा.

सुरुवातीला भरपूर सिग्नल येऊन पाच सेकंदांत मेला, तर थेंब उडून गेला. एप्रिल-मे मध्ये खोलीचा एसी बंद पडला की हे हमखास होतं. अशा दिवसांत मिथेनॉलमध्ये १० टक्के पाणी घाला, त्याहून जास्त नको. पाणी वाढलं की थेंबाचा पृष्ठताण वाढतो, फवारा सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं आणि फवाऱ्याआधी ठिणगी पडते.

ठिणगी ओळखायची कशी? अंधारात टोकाशी निळसर ठिपका दिसतो. पण त्याआधी आकडा सांगतो: फवाऱ्याचा प्रवाह साधारण १ मायक्रोअँपियरच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. तो झटक्यात कित्येक पटींनी चढला की फवारा नाही, कोरोना डिस्चार्ज सुरू झाला. वर्णपटात गवतासारखा गोंधळ दिसतो. लगेच व्होल्टेज खाली घ्या, अंतर ७-८ मिलिमीटर करा. निगेटिव्ह मोडमध्ये हे लवकर होतं, म्हणून तिथे व्होल्टेज कमी ठेवायला सांगितलं. श्रावणातल्या दमट दिवसात स्टँडच्या अ‍ॅक्रिलिकवर ओल धरली तरी प्रवाह गळतो. कोरड्या कपड्याने दांडी पुसून बघा.

कोऱ्या कागदावरही ३३४ दिसायला लागलं, तर मागच्या पानांचा माल इनलेटवर चिकटला आहे. साखरेचा हा तपकिरी थर डोळ्यांनी दिसतो. दर पंधरा-वीस पानांनंतर इनलेटचं तोंड थंड करून, पाणी-मिथेनॉल निम्मेनिम घेऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. आठवड्याने केशनळी काढून त्याच मिश्रणात पंधरा मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवा. दुसऱ्याच्या यंत्रावर काम करत असाल तर कुणी सांगायची वाट न पाहता हे करा. पुढच्या वेळी बुकिंग मिळतं ते यामुळेच.

२१६.१०१ ला शिखर आणि त्याच्या एक-तृतीयांश उंचीचं २१८ ला दुसरं दिसलं, तर ते अ‍ॅट्राझिन, ज्वारी-मक्यातलं तणनाशक. पान शेतातून आणलेलं असेल तर हे आश्चर्य नाही. फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारून वहीत टिपून ठेवा.

आकडा हवा असेल तर

लीफ स्प्रे तुलना चांगली करतो: हे रोप त्या रोपापेक्षा, हा वाण त्या वाणापेक्षा. (३३४ अधिक ३५०) भागिले (४८० अधिक ४९६) हे गुणोत्तर काढा. प्रत्येक वाणाची निदान पाच रोपं, प्रत्येक रोपाचे तीन त्रिकोण घ्या. एकाच पानाच्या तीन त्रिकोणांत २०-३० टक्के फरक पडणं नेहमीचं आहे. तुकड्याचं वजन, क्लिपचा दाब, थेंबाचा आकार हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून दोन वाणांत १० टक्के फरक सापडला असं या पद्धतीवरून म्हणू नये. दुप्पट-तिप्पट फरक खुशाल सांगावा. अमिग्डालिन फक्त द्रावकात आहे, पानाच्या आतून निघालेलं नाही, ही मर्यादाही अहवालात लिहा.

मिलिग्रॅममध्ये आकडा हवा असेल तर त्याच रोपाचं शेजारचं पान वजन करून, न कापता, १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर या हिशोबाने उकळत्या ८५ टक्के मिथेनॉलमध्ये पाच मिनिटं बुडवा, बर्फात थंड करा आणि अर्क एलसी-एमएसवर प्रमाणित धुरिनच्या ज्ञात प्रमाणांवरून काढलेल्या रेषेवरून मोजा. उकळतं असणं महत्त्वाचं आहे, विकर क्षणात मेलं पाहिजे. निघालेल्या धुरिनला ०.०८७ ने गुणलं की त्यातून जास्तीत जास्त किती हायड्रोजन सायनाइड सुटेल ते मिळतं: १ मिलिग्रॅम धुरिनमागे ८७ मायक्रोग्रॅम. अशा दहा-बारा पानांचे दोन्ही आकडे मांडले, तर तुमच्या गुणोत्तराचा अर्थ मिलिग्रॅममध्ये काय होतो याचा अंदाज बांधता येतो.

मात्र एका पानाच्या एका त्रिकोणावरून कुणाला ‘चारा सोडा, काही होत नाही’ असं सांगू नका. एकाच वावरात बांधाकडची ज्वारी आणि मधली ज्वारी वेगळी असते, आणि फुटव्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर आत न सोडणं, कापलेला चारा नीट वाळवूनच देणं, आणि जनावराला त्रास दिसताच पशुवैद्यकाला बोलावणं, हे नियम यंत्राच्या आकड्यावर अवलंबून नाहीत.

यंत्र दूर असेल तर

वावर जिंतूरकडे आणि यंत्र दीडशे-दोनशे किलोमीटरवर, अशी स्थिती असेल तर पान नेण्याऐवजी त्याचा ठसा न्या. फिल्टर पेपरचे त्रिकोण घरीच कापून काचेच्या पेटीत ठेवा. शेतात पानावरून १० मिलिमीटरचा तुकडा कापा, काचेच्या छोट्या कुपीत अमिग्डालिनवालं २०० मायक्रोलिटर मिथेनॉल आधीच भरलेलं असू द्या, तुकडा कापल्या कापल्या त्यात बुडवा आणि झाकण लावून मिनिटभर हलवा. आधी मिथेनॉल, मग पान, हा क्रम उलटा झाला तर सगळं वाया. त्यातले १० मायक्रोलिटर कागदी त्रिकोणावर टाका, सावलीत वाळवा, पेन्सिलने नंबर घाला. शाईचं पेन नको, शाई फवाऱ्यात उतरते. यंत्रावर त्याच ५ मिलिमीटर अंतरावर, ४ किलोव्होल्टवर, १५ मायक्रोलिटर साधं मिथेनॉल टाकून फवारा.

हा ठसा किती दिवस टिकतो ते आपल्याच नमुन्यांवर पाहून घ्या: एकाच कुपीतून दहा त्रिकोण करा, दोन लगेच, दोन दुसऱ्या दिवशी, दोन तिसऱ्या, दोन सातव्या आणि दोन पंधराव्या दिवशी फवारा. गुणोत्तर ज्या दिवशी घसरायला लागेल, त्याच्या आदल्या मुदतीपर्यंतचेच कागद धरायचे. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाकायला विसरू नका.